वहिनींनी खुर्ची बदलली

आमच्या वहिनींचं कौतुक करायचं म्हणजे मला आधी दोन घोट पाणी प्यावं लागतं. कारण या बाईंनी आजवर मला एकदाही "छान केलंत भाऊजी" म्हटलेलं नाही. अख्खं इंजिन खोलून, धुऊन, परत बसवून गाडी दारात उभी केली, तरी त्या चावी फिरवतात, कान देऊन ऐकतात आणि म्हणतात, "हं. आता हॉर्नचं बघा." अशा माणसाबद्दल बरं बोलायचं तर मन मोठं लागतं. ते माझं आहे, असं निदान मी तरी मानतो.

मी गॅरेजवाला. माझा थोरला भाऊ मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवायचा आणि त्याच्या गाड्या माझ्याकडे दुरुस्तीला यायच्या. तो एका दुपारी छातीत कळ आली म्हणून आडवा झाला तो उठलाच नाही. पोरगा तेव्हा नुकता शाळेत जायला लागला होता. सल्ला द्यायला नातेवाईक कमी नसतात. कुणी म्हणालं गाड्या विका, कुणी म्हणालं जागा भाड्यानं द्या. वहिनींनी सगळ्यांचं ऐकून घेतलं, सगळ्यांना चहा दिला आणि पुढच्या सोमवारी स्वतः शिकवायच्या सीटवर जाऊन बसल्या.

शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. माझा भाऊ तो सारखा दाबायचा. त्याच्या गाड्यांचे ब्रेकपॅड बदलून बदलून माझे हात काळे झाले. वहिनी त्यावर पाय नुसता धरून ठेवायच्या, दाबायच्या नाहीत. समोर म्हैस येवो, भिंत येवो, शिकणाऱ्याच्या कपाळावर घाम आणि या शांत. म्हणायच्या, "तुमचा पाय आधी पोचायला हवा. मी दाबला तर गाडी थांबेल, पण तुम्हाला थांबवता कधी येणार?" लोक त्यांना ब्रेकबाई म्हणायला लागले. दाबत नसत, तरीही.

बघता बघता अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलं. डॉक्टर, भाजीवाल्या, नवरे, नवऱ्यांना न सांगता येणाऱ्या बायका. म्हणून जेव्हा निवडणुकीत दोन पुढाऱ्यांचं भांडण विकोपाला गेलं आणि दोघांनाही चालेल असा उमेदवार हवा झाला, तेव्हा कुणाला तरी वहिनी आठवल्या. त्या निवडून आल्या. लायसन्सच्या परीक्षेत नापास झालेल्यांनीसुद्धा त्यांना मत दिलं, याला मी खरी लोकप्रियता म्हणतो.

विधिमंडळात गेल्यावर मलईच्या समित्या जुन्या खोडांनी आधीच वाटून घेतल्या होत्या. उरली सुव्यवस्था आणि अमली पदार्थ समिती. ती कुणालाच नको होती. एका बाजूला पोलीस नाराज, दुसऱ्या बाजूला लोक नाराज, आणि मधे बसून दोघांच्या शिव्या खायच्या. वहिनींना थेट अध्यक्ष केलं. मी म्हटलं, "वहिनी, हे दुखणं तुमच्या गळ्यात मारलंय." त्या म्हणाल्या, "मारू देत. नवीन माणसाला नेहमी जुनी गाडीच देतात."

समितीची खोली मी पाहिली ती एका खुर्चीपायी. लांबलचक टेबल, दोन्हीकडे सदस्य, एका टोकाला अध्यक्ष, दुसऱ्या टोकाला साक्षीदार. साक्षीदाराची खुर्ची इतकी बुटकी की बसणाऱ्याची हनुवटी टेबलाला लागायची. पोरगं हरवलेली एखादी आई तिथे बसली की समोर नुसतं डोकं दिसायचं. वहिनींनी नवी खुर्ची मागितली, कागद वर गेला आणि वरच राहिला. शेवटी त्यांनी मला बोलावलं. मी खुर्चीच्या पायांखाली रबराचे ठोकळे बसवून ती उंच केली. सचिव म्हणाले, हे नियमात नाही. वहिनी म्हणाल्या, "बुटकी असावी असंही नियमात नाही." सचिव सज्जन माणूस, त्यांनी नियमांचं पुस्तक मिटून ठेवलं.

तिथे त्या कशा वागायच्या ते गॅलरीत बसून मी पुष्कळदा बघितलं. पोलीसप्रमुख येऊन कागद वाचायचे, "परिस्थिती नियंत्रणात आहे." वहिनी विचारायच्या, "नियंत्रणात म्हणजे स्टिअरिंग कुणाच्या हातात आहे, साहेब? तुमच्या की नशेच्या गोळ्या विकणाऱ्याच्या?" आवाज चढलेला नसायचा. उलट एखादा गुत्तेवाला, नाहीतर दुकानापुढे पोरं जमतात म्हणून संतापलेला व्यापारी कितीही बोलला, तरी त्याला मधे तोडायच्या नाहीत. माणूस बोलून दमला की खरं बोलतो, असा त्यांचा हिशेब. माझ्यासारख्या तापट माणसाला ते बघून फेफरं यायचं. पण हिशेब चुकायचा नाही.

आता पोराबद्दल. लहानपणी तो इतका गुटगुटीत होता की आम्ही सगळे त्याला भोपळ्या म्हणायचो. कॉलेजात गेल्यावर त्याला नशेच्या गोळ्यांचा नाद लागला आणि वर्षाच्या आत त्याच्या गालांची हाडं वर आली. भोपळ्या म्हणायला तोंड उघडेना. ओळखलं पहिल्यांदा माझ्या आईनं. तिचे डोळे गेलेले, पण म्हणाली, "याच्या पावलांचा आवाज बदललाय." मग घरातला टीव्ही गेला, माझ्या गॅरेजमधले पाने गेले, आईच्या बांगड्या गेल्या. आणि आम्ही काय केलं? लपवलं. टीव्ही बिघडला म्हणून सांगितलं, पोराला कावीळ झाली म्हणून सांगितलं. कुणी आलं की हसून बोलायचं आणि दार लावल्यावर एकमेकांची तोंडं बघायची नाहीत. घरचं झाकण घरातच बरं, असं माझं तेव्हाही मत होतं आणि त्याबद्दल मला कुणी शिकवायला येऊ नये.

वहिनींनी मात्र एका डॉक्टरीणबाईंना विश्वासात घेतलं. त्या गाडी शिकायच्या निमित्तानं घरी यायच्या आणि आतल्या खोलीत पोराशी बोलत बसायच्या. त्या बाईंना गाडी आजही येत नाही. पण पोरगा सावरला. दोनदा घसरला, पुन्हा सावरला. चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या कामाला लागला. गालावर मांस दिसायला लागलं. वहिनी समितीत बसून जगाच्या पोरांबद्दल प्रश्न विचारायच्या, तेव्हा त्यांचं स्वतःचं पोर असं काठाकाठानं चालत होतं आणि हे बाहेर कुणालाही ठाऊक नव्हतं, असं निदान मी समजत होतो.

मग बाजारात ती दंगल झाली. गोळ्या खाल्लेल्या काही पोरांनी दुकानांच्या काचा फोडल्या, एका रखवालदाराला मारलं, तो बिचारा कायमचा लंगडा झाला. लोक खवळले. नवा कायदा आला आणि तपासायला वहिनींच्याच समितीकडे आला. त्यात एक कलम होतं. घरातला माणूस नशा करतो हे ठाऊक असून जो पोलिसांना कळवणार नाही, त्या घरच्यालाही तुरुंग.

या कलमाचे कैवारी होते आमचे फौजदारसाहेब. पोलिसातून निवृत्त होऊन निवडून आलेले, समितीचे उपाध्यक्ष. माणूस सरळ, दोरीत चालणारा. त्यांच्या बायकोनं वहिनींकडे गाडी शिकायला नाव घातलं तेव्हा त्यांनी आधी वहिनींचं लायसन्स तपासून पाहिलं होतं. त्यांचं म्हणणं होतं, "घरच्यांना सगळं आधी कळतं. ते बोलले असते तर तो रखवालदार आज चालत असता." हे म्हणणं चुकीचं होतं असं छातीवर हात ठेवून मला म्हणता येणार नाही.

समितीत दोन्ही बाजू तोडीस तोड. बरोबरी झाली की अध्यक्षाचं मत निर्णायक, म्हणून वहिनींच्या मतावर काटा. आता त्यांनी नुसतं गप्प बसून मत दिलं की कलम पडलं, विषय संपला. पण त्या समितीत एक रीत आहे. बैठक सुरू होताना सचिव एक वाक्य वाचतात: आजच्या विषयात कुणा सदस्याचा घरगुती किंवा खासगी संबंध असेल तर त्यांनी तसं सांगावं. सांगणाऱ्यानं उठायचं, त्याला मत नाही. हे वाक्य सचिव एका दमात वाचतात आणि तेवढ्या वेळात सगळे सदस्य आपापल्या कपात बघतात. त्या वाक्यावर आजवर कुणी तोंड उघडलेलं नव्हतं. ज्याच्या मेव्हण्याचा दारूचा गुत्ता होता त्यानंही दारूच्या चर्चेत बिस्किटच खाल्लं होतं.

मला वाटलं, वहिनीही कपात बघतील. मी तर देवाजवळ तेच मागत होतो. मग बैठकीच्या आदल्या रविवारी त्या म्हणाल्या, "भाऊजी, गाडीतून मागे कसलासा खडखडाट येतोय. मागे बसून ऐका." मी मागे बसलो. पुतण्याला त्यांनी स्टिअरिंगवर बसवलं आणि स्वतः शिकवायच्या सीटवर बसल्या. खडखडाट कसला न् काय! वहिनींना कुणाशी अवघड बोलायचं असलं की त्या गाडीत बोलतात. तिथे एकमेकांकडे बघावं लागत नाही, दोघांची नजर रस्त्यावर.

"मला परवा सांगावं लागेल," त्या म्हणाल्या.

पोराला लगेच कळलं. "नाही सांगितलंस तर?"

"तर मी मत देईन आणि कलम पडेल."

"मग दे ना मत! कोण विचारतंय?"

"सचिव विचारतात. दर वेळी विचारतात."

"आई, ते नुसतं वाचतात गं!"

"ते वाचतात. मी ऐकते ना?"

मागून मला राहवेना. "वहिनी, अहो तुम्ही उठलात तर साहेब खुर्चीवर बसणार आणि कलम पास होणार. मग त्याच कलमाखाली तुम्हालाच आत टाकतील! आपल्या पायावर धोंडा मारून घ्यायचा म्हणजे किती?"

"तुम्ही खडखडाट ऐका," वहिनी म्हणाल्या.

गाडी धरणाच्या रस्त्याला लागली. पुतण्यानं गिअर बदलला. तो म्हणाला, "सगळ्या गावाला कळेल. दुकानात माणसं माझ्याकडून चष्मे घेतात. उद्या घेतील का? तू सांगितलंस तर मी इथे राहणार नाही. खरंच सांगतो, निघून जाईन."

"म्हणून तर विचारतेय. तू नाही म्हणालास तर मी आजारी पडेन आणि बैठकीला जाणारच नाही. पण तिथे बसून खोटं मत द्यायचं मला जमणार नाही. आणि तुझं नाव तुला न विचारता घेणंही जमणार नाही."

मी खिडकीबाहेर बघत होतो आणि मनातल्या मनात दोघांना शिव्या घालत होतो. परत गावात शिरताना पोरानं विचारलं, "काय काय सांगशील?"

"झालं ते."

"टीव्हीचं पण?"

"तेवढं गाळलं तर बाकीचं कोण खरं मानेल?"

"मग बांगड्यांचंही सांग," तो म्हणाला. "आणि एक तुला माहीत नाही ते." मग त्यानं गाडी बाजूला घेतली आणि वहिनींच्या कानाजवळ काहीतरी सांगितलं. मला ऐकू आलं नाही. वहिनींचा पाय तेवढा त्या दिवशी ब्रेकवर जोरात दाबला गेला. गाडी आधीच उभी होती.

बैठकीच्या दिवशी सकाळी पोरगा आमच्या आधीच घरातून निघून गेला होता. कुठे ते सांगितलं नाही. त्याची पिशवीही खुंटीवर नव्हती. वहिनींनी खुंटीकडे बघितलं आणि चप्पल घातली.

सचिवांनी ते वाक्य वाचलं. सगळ्यांनी कपात बघितलं. वहिनी म्हणाल्या, "माझा संबंध आहे. माझा मुलगा नशेच्या गोळ्या घेत होता. मला ठाऊक होतं आणि मी पोलिसांना कळवलं नाही."

वहिनी अध्यक्षांच्या खुर्चीवरून उठल्या. फौजदारसाहेबांचा चेहरा लाल झाला होता. ते जाऊन त्या खुर्चीवर बसले, पण पुरते टेकले नाहीत. वहिनी दाराकडे जातील असं सगळ्यांना वाटलं. त्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सदस्य म्हणून मला बोलता येत नाही. साक्षीदार म्हणून माझं नाव लिहून घ्या."

सचिव नियमांचं पुस्तक उघडून चाळायला लागले. अध्यक्षानं साक्षीदार व्हावं की नाही, याबद्दल पुस्तक गप्प होतं. साहेब मनात आणते तर त्यांना तिथेच बाहेर काढू शकले असते. कलम त्यांचं होतं, खुर्ची त्यांची होती, मतं त्यांची होती. ते म्हणाले, "बसा बाई." मी त्या माणसाला मनातल्या मनात नमस्कार केला. नंतर राग आला तो वेगळा.

वहिनींनी सगळं सांगितलं. टीव्ही, पाने, बांगड्या, कावीळ. रडल्या नाहीत, स्वतःला झोडपूनही घेतलं नाही. साहेबांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला ठाऊक होतं?"

मला वाटलं, आता तरी बाई थोडं सांभाळून घेतील. त्यांनी थेट माझ्याकडे हात केला. "माझे दीर. ते मागे बसलेत, निळ्या शर्टात."

सगळी समिती वळून माझ्याकडे बघायला लागली. मी उगाचच शर्टाचं वरचं बटण लावलं.

"आणखी?"

"सासूबाई. त्यांना दिसत नाही, पण पहिल्यांदा त्यांनीच ओळखलं. शिवाय आमच्या ओळखीच्या एक डॉक्टरीणबाई. शेजारच्या काकूंना संशय होता, त्या विचारत नसत, रोज भाजी आणून द्यायच्या. आणि शाळेतले त्याचे जुने सर."

टायपिस्ट बाईंनी हात वर करून विचारलं, "साहेब, हे सगळे लिहायचे का?" कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. ते पुढे झुकले. "बाई, मला एकच सांगा. हे कलम तेव्हा असतं, तर तुम्ही कळवलं असतं ना? धाकानं तरी?"

"नाही, साहेब. मी आणखी नीट लपवलं असतं. आज शेजाऱ्यांपासून लपवलं, मग डॉक्टरांपासूनही लपवलं असतं. त्यांना अडचणीत कशाला घालायचं म्हणून. आणि पोरगा आतल्या खोलीत संपला असता." त्या थांबल्या. पाण्याचा ग्लास त्यांनी उचलला, पण प्यायल्या नाहीत. "परवा त्यानं मला एक सांगितलं. मला ठाऊक नव्हतं. ऐन वाईट दिवसांत त्यानं स्वतःच मदतीच्या नंबरावर फोन लावला होता. तिथल्या माणसानं विचारलं, घरी कोण कोण असतं? त्याला वाटलं, आता पोलीस आईला नेतील. त्यानं फोन ठेवून दिला आणि पुढचे कितीतरी महिने तो घेतच राहिला. कलम नव्हतं तेव्हाची ही गोष्ट. नुसत्या शंकेनं. माझ्यासाठी त्यानं फोन ठेवला, साहेब. आता तुम्ही त्याची शंका खरी करू नका, एवढंच सांगायला मी इथे बसलेय."

तेव्हा माझ्या डोळ्यांना पाणी आलं. सांगायला लाज कशाची? निळा शर्ट दाखवलाच होता सगळ्यांना.

मत द्यायच्या वेळी वहिनींना बाहेर जावं लागलं. मीही त्यांच्याबरोबर बाहेर बाकावर बसलो. त्या निकालाचा विचार करत नव्हत्या. सारख्या रस्त्याकडच्या खिडकीतून खाली बघत होत्या. थोड्या वेळानं सचिव आले. किराणा दुकान चालवणारे एक सदस्य, जे आधीपासून साहेबांच्या बाजूला होते, ते फिरले होते. कलम वगळलं गेलं. साहेबांनी आपलं वेगळं मत लिहून ठेवलं, कारण ते त्यांचं मत होतं. मग ते दारात आले, वहिनींपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "रखवालदाराचं काय, बाई?"

"त्याच्यासाठी पुढच्या बैठकीत बसू," वहिनी म्हणाल्या, "मला बसू दिलंत तर." साहेब म्हणाले, "तुम्ही नाहीतर कोण?" आणि गेले.

मी आनंदानं उड्या मारायच्या बेतात होतो. वहिनी म्हणाल्या, "घरी चला."

घरी पोरगा नव्हता. आई दाराशी बसून होती. म्हणाली, "पावलं आली नाहीत अजून." बातमी आमच्या आधी गल्लीत पोचली होती, समोरच्या खिडकीतले पडदे हलत होते. माझा संयम संपला. मी म्हणालो, "वहिनी, फोन करा! स्टेशनवर बघतो मी! तो म्हणाला होता निघून जाईन, तुम्ही ऐकलंत ना?" वहिनी ओट्याशी उभ्या राहून तांदूळ धूत होत्या. तेच तांदूळ पुन्हा पुन्हा धूत होत्या, पाणी केव्हाच स्वच्छ झालं होतं. "शोधायला गेलो तर त्याला वाटेल, माझा विश्वास नव्हता," एवढंच म्हणाल्या. आवाज कापत होता. त्या बाईंचा आवाज कापताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला आणि मला माझ्या भावाचा राग आला, की तू असा मधेच का गेलास.

संध्याकाळी दुकानं बंद व्हायच्या सुमाराला आईनं मान वर केली. "आला," ती म्हणाली.

पोरगा आत आला. खांद्याला पिशवी, बोटांना काचा घासायची पांढरी भुकटी. त्यानं आमच्या तिघांच्या चेहऱ्यांकडे बघितलं आणि त्यालाच आश्चर्य वाटलं.

"अरे होतास कुठे?" मी ओरडलो.

"दुकानात. कुठे असणार?" तो म्हणाला. "सकाळी लवकर जाऊन मालकांना मीच सांगितलं. दुसऱ्याकडून कळण्याआधी. दुपारी बातमी आली तेव्हा दुकानात गर्दी होती. एकजण चष्मा न घेताच गेला. बाकीच्यांनी घेतला." मग तो वहिनींकडे वळला. "आज रजा घेतली असती ना आई, तर लोक म्हणाले असते, लपला."

वहिनींच्या हातातून तांदळाचं भांडं कलंडलं, अर्धे तांदूळ मोरीत गेले. उरलेले त्यांनी चुलीवर चढवले आणि पोराला म्हणाल्या, "हात धू. आज थोडं कमीच पडेल, सगळे वाटून खाऊ."